फोनखालचे उंदीर

गावात मोबाईल नवा होता आणि मी त्याच्यामुळे उंदरांच्या रक्तात काय फरक पडतो ते शोधत होते. केजच्या आमच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. पीएच.डी. झाली की कायम करू, असं संस्थेनं सांगितलं होतं. नोंदणीची मुदत त्या पावसाळ्यात संपत होती. सहकारी चिडवायचे, लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, मॅडम उंदीर पोखरून काय काढणार? मला हसू यायचं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजला कुलूप लागायचं, म्हणून पिंजरे घरी आणले. आमचं किराणा दुकान खाली आणि राहणं मागे. रेंज मात्र फक्त माडीवर यायची, त्यामुळे उंदीर माडीवर. एका पिंजऱ्यावर मोबाईल ठेवायचा, नवऱ्यानं दुकानातल्या फोनवरून तो लावायचा आणि रिसीव्हर तसाच बाजूला ठेवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, शेठ, फोन पडलाय. दुसरा पिंजरा लांबच्या कोपऱ्यात, फोनशिवाय. दोन्हींना खाणं एकच, मी स्वतः तोलून घालायचे. तेवढ्या बाबतीत मी कुणावर विश्वास ठेवत नव्हते.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणायचे, रोज माडीवरच पूजेला बसायच्या. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, मग एखाद्या जिवाच्या मुखी घास घालायचा आणि मगच आपण जेवायचं, हा त्यांचा नेम. घास गाईला जातो, एवढंच मी धरून चालले होते.

शेवटी अंबाजोगाईला माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक सरांच्या प्रयोगशाळेत उंदीर नेले. रक्त काढायचं म्हणजे त्यांना मारावंच लागतं. अहवाल आला तेव्हा फोनवाल्या उंदरांची साखर चांगलीच वाढलेली होती, कोपऱ्यातल्यांची जशीच्या तशी. सर सहसा कौतुक करत नसत. त्या दिवशी म्हणाले, "लिहायला घ्या आता." जीपमध्ये चौघांच्या जागी सहाजण कोंबले होते, तरी मला सगळी माणसं चांगली वाटत होती.

घरी येऊन मी पेढे ठेवले आणि आत्यांना समजेल असं सांगितलं, की फोननं रक्तातली साखर वाढते.

"वाढंल न्हाई तर काय," त्या म्हणाल्या. "रोज गूळ-शेंगदाणे घालीत हुते मी त्यास्नी."

"दोन्ही पिंजऱ्यांना?"

"कोपऱ्यातल्याला कावून? त्येंच्या डोक्यावर काय न्हवतं. ह्ये बिचारे तापत बसायचे दिसभर. मुके जीव हायत, बाई."

मी जिन्यात बसले. रागवायचं कुणावर तेच कळेना. एवढे पुढे गेलेले लोक फोन बनवतात, आम्ही त्याचा परिणाम मोजायला निघतो आणि दया कुठून वाट काढेल ते आमच्या गणितात नसतं. मला तेव्हा त्यांच्या दयेची चीड आली, आजही थोडी येते.

सरांना सगळं सांगितलं. ते अहवाल मिटून म्हणाले, "हे वापरता येणार नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागेल." मुदतवाढ मिळाली नाही. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा माझे तास पीएच.डी. असलेल्या दुसऱ्या बाईंना गेले होते. मी रडले, जेवण सोडलं, नवऱ्याशी भांडले. एवढं शिकून हातात काही उरलं नव्हतं आणि पुढं काही येईल असंही वाटत नव्हतं.

एका दुपारी आत्या जवळ येऊन बसल्या.

"परत कर की. ह्या बारीला मी माडी चढत न्हाई."

"आता परत होत नाही, आत्या. मुदत संपली."



"मग ती उंदरं फुकटच मेली म्हण की."

मी होय म्हटलं.