पतंगवाल्याचे ठिपके

विमानं बंद झाली त्या वर्षी माझी पाचवी झाली. तशी मी चौथी पास. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती आणि मुलींनी ओढा ओलांडायचा नाही असं आमच्याकडे ठरलेलं होतं. पुढे मी समुद्र ओलांडून मेलबर्नला आले, तेव्हा कुणी अडवलं नाही. मुलाकडे सहा महिने राहून परत जायचं होतं. पाचव्या महिन्यात जग बंद पडलं.

मेलबर्नच्या टोकाला वेरिबीत मुलाचं भाड्याचं घर. तो इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. लोक घरात बसले तरी त्यांना सामान लागतंच, म्हणून तो गोदामात शिफ्टला जायचा. सून घरूनच काम करायची. खोलीत कानाला हेडफोन लावून दिवसभर परक्या माणसांना 'नो वरीज, नो वरीज' म्हणायची आणि बाहेर आली की साऱ्या वरीज आमच्यावर. त्यामुळे नातीच्या ऑनलाइन शाळेपाशी बसायचं काम माझ्याकडे आलं.

नात पाचवीत. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यासमोर ती, आणि बाजूला बुटक्या स्टुलावर मी, कधी घेवडा मोडत, कधी लसूण सोलत. मला कॅमेऱ्याची भारी भीती. पहिल्याच दिवशी माझं कोपर त्यात दिसलं, तर मी स्टुलासकट मागे सरकले ती फ्रिजवरच आपटले. मग नातीने जमिनीवर लाल चिकटपट्टी लावली.

"आजी, धिस इज युअर लाइन. याच्या मागे यू आर इन्व्हिजिबल."

जन्मभर मी अशीच जागा शोधत होते. ती मला वेरिबीच्या स्वयंपाकघरात मिळाली.

पट्टीमागून मी सगळी शाळा बघायची. बाईंचं बोलणं फारसं कळायचं नाही, पण गणित कळायचं. गणिताला भाषा लागत नाही. आणि आणखी एक गोष्ट मला तिथून दिसायची, जी बाईंना दिसत नव्हती. नात माझ्यावर गेली होती. तिची शाळा नवी, दोन महिने होतात न होतात तोच सगळे घरी. वर्गात तिला कुणी ओळखत नव्हतं. बाई प्रश्न विचारायच्या, बाकीची पोरं हात वर करायची आणि हिचा हात टेबलाखाली वर व्हायचा. तिथल्या तिथे, वीतभर. मग पुन्हा मांडीवर.

एक दिवस बाईंनी मोठा गृहपाठ दिला. घरातली अशी वस्तू शोधा जी कुणा जुन्या माणसाने पहिल्यांदा बनवली. त्या माणसाबद्दल वाचा. त्याची एखादी सवय घरातल्या कुणाला तरी जोडीला घेऊन महिनाभर पाळा, आणि मग वर्गाला सांगा. नातीने घरभर शोधलं. टोस्टर पाहिला, इस्त्री पाहिली, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"आजी, युअर चष्मा!"

माझा चष्मा म्हणजे वर लांबचं, खाली जवळचं आणि मधे रेघ. तो म्हणे अमेरिकेतल्या एका माणसाने काढला. अमेरिका हा देश ज्या थोर माणसांनी उभा केला त्यांच्यातला तो एक. या वहीत मी कुणाचंच नाव लिहीत नाही, मग त्याचं तरी कशाला? आकाशातली वीज बघायला त्याने ढगांच्या गडगडाटात पतंग उडवला होता, म्हणून आमच्या घरात तो पतंगवाला.

रोज संध्याकाळी नात वाचायची आणि तिच्या मोडक्या मराठीत मला सांगायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ही वेंट टू स्कूल फॉर टू इयर्स ओन्ली."

मी लसूण खाली ठेवला. "किती?"

"दोन वर्ष, आजी."

माझ्यापेक्षा दोन कमी! मग लहान वयात छापखान्यात लागला, मिळेल ते वाचत गेला आणि शेवटी राजांच्या दरबारात जाऊन बसला. त्या दिवसापासून मी त्याचं नीट ऐकू लागले. एक दिवस मात्र असं निघालं की हा बाबा सकाळी खिडकी उघडी टाकून अंगावर काही न घालता हवा खात बसायचा. सून दारातूनच ओरडली, "ए, ते प्रोजेक्टमध्ये नको हं!"

"मम्मा, इट्स हिस्टरी."

"हिस्टरी असली तरी तिला कपडे घाल."

आणि मी विचारलं बायकोचं. बायको समुद्राला घाबरायची, म्हणून तो एकटाच इंग्लंडला गेला आणि वर्षानुवर्षं तिकडेच राहिला. ती बिचारी वाट बघून बघून मागे अमेरिकेतच वारली. मी म्हटलं, "देश उभा केलास बाबा, पण घराचं काय?"

नात जरा विचार करून म्हणाली, "बट आजी, तू पण आजोबांना सोडून आलीस."

मी पुन्हा लसूण सोलायला घेतला.

त्याची पाळायची सवय कुठली, तर ठिपक्यांची. तरुणपणी त्याने स्वतःसाठी तेरा गुण ठरवले होते. बेताने खाणं, गरजेपुरतं बोलणं, टापटीप, असे. आठवड्याला एक गुण धरायचा. वहीत सात वारांचे सात रकाने आखायचे आणि ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी काळा ठिपका द्यायचा. तेरा आठवडे झाले की पुन्हा पहिल्यापासून.

"अगं, हे तर चातुर्मासाचे नेम!" मी म्हटलं. आषाढी होऊन गेलेली, मी नेहमीसारखं वांगं सोडलेलं. फरक एवढाच की आपला नेम मोडला तर आपण देवाला हळूच समजावतो. हा माणूस लिहून ठेवत होता.

नातीने तक्ता करून फ्रिजवर लावला. घरातल्या चौघांचे चार रकाने, चार आठवडे, चार नेम. आणि काळं स्केचपेन तिने स्वतःच्या खिशात ठेवलं. पहिला आठवडा बेताने खाण्याचा. मुलाला सातही दिवस ठिपके. "अरे, मी शिफ्टवरून येतो, भूक लागते!" तर नात म्हणाली, "डॅड, डोंट आर्ग्यू. दॅट्स अनदर डॉट." दुसरा आठवडा टापटिपीचा. भांडी पुसायचा फडका ओट्यावर राहिला म्हणून सुनेला ठिपका मिळाला. दोन दिवस ती तक्त्याकडे न बघता फ्रिज उघडत होती. तिसरा आठवडा वेळ न दवडण्याचा. त्यात फोनपायी तिघेही बुडाले.

माझा रकाना मात्र कोरा. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात, आधी सासरी आणि मग मुलाकडे, ठिपका न पडता कसं वावरायचं हेच शिकले होते.

मधेच नातीच्या वाचनात आलं की पतंगवाल्याकडे गुलाम माणसंही होती. म्हातारपणी मात्र तो गुलामगिरीविरुद्ध बोलला. ती फार गोंधळली. "सो, इज ही गुड ऑर बॅड?"

"तेरा गुणांत हा रकाना होता का?" मी विचारलं.

"नो."

"मग मोठा ठिपका तक्त्याबाहेरच राहिला की."

तिने हे इंग्रजीत वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेण्याची ती पहिलीच वेळ.

आणि मग व्हायचं ते झालं. शुक्रवारी बाईंनी विचारलं, कसं चाललंय? मी पट्टीमागून पाहत होते. नातीचा हात टेबलाखाली वीतभर वर झाला, थांबला आणि मग टेबलाच्या वर आला. पहिल्यांदाच. माझ्या हातातला घेवडा हातातच राहिला.

"मिस, माय आजी हॅज झीरो डॉट्स. शी इज बेटर दॅन हिम!"

"वंडरफुल!" बाई म्हणाल्या. "देन शी कॅन टेल अस हरसेल्फ. थर्सडे आर्वो, जस्ट वन मिनिट?"

"शी विल!" नात म्हणाली. आर्वो म्हणजे इकडे दुपार; गुरुवारी दुपारी मी बोलायचं होतं.

मी स्टूल पट्टीपासून आणखी मागे ओढलं. चौथीत असताना शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले होते. गुरुजींनी हुशार म्हणून मला उभं केलं. साहेबांनी सोपं म्हणून आधी नाव विचारलं, तर मला माझं नावच आठवेना. मागून पोरी सांगत होत्या, तरी तोंडातून फुटेना. साहेब हसून म्हणाले, बस बाळ. मी जी बसले ती बसलेच.

सोमवारी चौथा नेम ठरवायचा होता. मी गंभीरपणे म्हटलं, "गरजेपुरतं बोलणं. पण मी अर्धवट नेम करत नाही. मी आठवडाभर पूर्ण मौन धरणार."

नातीने माझ्याकडे पाहिलं. तिला लगेच कळलं. "बट थर्सडे!"

मी तोंडावर बोट ठेवलं. नेम सुरू झाला होता.

मुलगा हसून म्हणाला, "आई, तू एरवी तरी कुठे बोलतेस? फरक कसा कळणार?" सून मात्र माझ्या बाजूने उभी राहिली. "त्यांचा नेम आहे. आपण मोडायला लावायचा नसतो." मला फार अपराधी वाटलं. पण नेमाआड लपण्यासारखी दुसरी सुरक्षित जागा आपल्यात नाही. पट्टीपेक्षाही पक्की.

मंगळवारी यांचा गावाहून फोन आला. नातीने सांगितलं, आजी बोलणार नाही, बांगडी एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही.

"रुसली का गं?" यांनी विचारलं. मी दोनदा वाजवलं.

"तब्येत बरी आहे ना?" एकदा.

मग ते बोलायला लागले ते थांबेचनात. कुकरची शिट्टी उडून छताला लागली, तुळस वाळली होती ती फुटली, पिठलं आता जमतंय. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण इतकं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मधे बोलणारी मी नव्हते म्हणून असेल. शेवटी म्हणाले, "बरं, तू बोलत नाहीयेस तोवर सांगून टाकतो. ते सात वर्षं मुरलेलं लिंबाचं लोणचं... बरणी पडली गं हातातून."

"अगंबाई! अख्खी?"

माझ्या तोंडून निघूनच गेलं. खिशातून स्केचपेन काढल्याचा आवाज मी ऐकला. माझ्या कोऱ्या रकान्यात पहिला ठिपका पडला.

"मौन इज ब्रोकन," नात म्हणाली. "सो नाऊ यू कॅन टॉक ऑन थर्सडे."

मी मान हलवली आणि बोटाने खूण केली: उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून.

ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. बुधवारी शाळा सुटल्यावर तिने लॅपटॉप मिटला आणि हळूच म्हणाली, "इट्स ओके, आजी. आय विल टेल मिस आय ॲम सिक." मग जरा वेळाने, "यू नो, त्याला टापटीप कधीच जमली नाही. त्यानेच तसं लिहिलंय. तो फक्त डॉट्स देत राहिला." आणि हात मांडीवर घेऊन बसली. टेबलाखाली.

तो माझाच चौथीतला हात मी किती वर्षांनी पाहत होते! फक्त यावेळी मी डिप्टीसाहेबांच्या खुर्चीत होते, आणि बस बाळ म्हणणारी मीच होते.

गुरुवारी दुपारी मी नेसायला चांगली साडी काढली, चष्मा पदराला पुसला, स्टूल उचललं आणि पट्टी ओलांडली. ओढ्याइतकीच रुंद वाटली. नात बाजूला सरकली. पडद्यावर वीस-पंचवीस चौकटी आणि एका चौकटीत मी. बाईंनी नाव विचारलं. मला आठवलं! मी खणखणीत सांगितलं. मग पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, मग मराठीत सुरू झाले. छापखाना, चष्मा, ठिपके, सगळं. एवढी माणसं आणि एकही हसलं नाही. माझं तोंड सुटलं ते सुटलंच.

पुरतं मिनिटभर झालं तेव्हा बाईंचे हात हलताना दिसले.

"आजी," नात कुजबुजली, "यू आर ऑन म्यूट."

कुणालाही काहीही ऐकू गेलं नव्हतं. मिनिटभराचं माझं भाषण झालं ते पूर्ण मौनात! मला एवढं हसू आलं की चष्मा घसरला. आणि मग भीती उरलीच नाही, कारण सगळं एकदा बोलून झालंच होतं. नातीने बटण दाबलं. मी पुन्हा नावापासून सुरुवात केली. ती इंग्रजीत सांगत गेली आणि मी सांगत सुटले. त्याच्या बायकोबद्दलही सांगितलं, तक्त्याबाहेरच्या ठिपक्याबद्दलही. नात मधेच अडखळली तर एका चौकटीतल्या मुलीने तिला शब्द पुरवला, आणि दोघी हसल्या. उघड्या खिडकीबद्दल सांगणारच होते, तेवढ्यात सून खोलीतून धावत आली.

वर्ग संपला. नातीने स्केचपेन काढलं, फ्रिजपाशी गेली आणि माझ्या गुरुवारच्या चौकोनात टिकलीएवढा ठिपका दिला. "वन मिनिट सांगितलं होतं, आजी. यू डिड सिक्स."

सोमवारी पुन्हा गणिताचा तास. गृहपाठ संपला तरी तक्ता फ्रिजवरच होता, आणि गरजेपुरतं बोलण्याचा नेम मी पुढच्या आठवड्यालाही धरला होता. मी पट्टीमागे, मांडीवर घेवडा. बाईंनी विचारलं, चोवीसचे तीन चतुर्थांश किती? नातीचा हात वर गेला, टेबलाच्या वर, अगदी कानापर्यंत. "सिक्स्टीन!"

चुकलं होतं. पण हात खाली आला नाही. ती पुन्हा मोजायला लागली.

पाऊणकी मी चौथीतच पाठ केली होती, चोवीस पाऊण अठरा. ओठापर्यंत आलं होतं. पण मी गप्प बसले. आठवड्याच्या पहिल्याच दिवशी ठिपका नको होता.