आधीचा नंबर

बंदुकीच्या दुकानात नोकरी करतो म्हटलं की लोकांना वाटतं, इथे रोज काहीतरी थरार. बुधवार पेठेतल्या आमच्या काउंटरवर इतक्या वर्षांत एक गोळी सुटली नाही. किस्से मात्र ढिगाने साचले, आणि त्यातले निम्मे नंबरांचे! प्रत्येक बंदुकीवर कारखान्यातून नंबर कोरून येतो, तोच लायसनवर चढतो, एवढंच. पण माणसं त्या आकड्यांपायी वेडी होतात.

*

एक आयटीवाला आला. त्याला कारच्या नंबरशी मॅच होणारी बंदूक हवी होती. आमचे मालक नाना चष्मासुद्धा वर न करता म्हणाले, "ही पार्किंगमध्ये लावायची नसते."

*

एका बिल्डरला गुरुजींनी सांगितलेलं, आकड्यांची बेरीज नऊच हवी. नानांनी शोधून दिली. जाताना त्याने विचारलं, ही चालवायची कशी?

"तेही गुरुजींनाच विचारा."

*

मग आले हिंजवडीकडचे दोन भाऊ. थोरले ज्ञानोबाशेठ, धाकटे रामभाऊ. जमिनीची वाटणी झाल्यापासून बोलणं बंद. पूर्वी खंडेनवमीला घरातली हत्यारं एकाच पाटावर पुजायचे, पहिला मान थोरल्याचा. आता दोन दारं, दोन पाट. एकाने बंदुकीचं लायसन काढलं म्हणून दुसऱ्यानेही काढलं. आले वेगवेगळे, मागणी एकच: त्याच्यासारखीच द्या, पण नंबर माझा आधीचा!

थोरले म्हणत, वयाने मी मोठा. धाकटे म्हणत, लायसन आधी माझं आलं. नानांनी दोघांनाही समजावलं, की पंगतीत कुठेही बसलं तरी जिलबी तीच असते. पटेल तर शपथ.

शेवटी नानांनी ओळीने नंबर असलेल्या तीन बंदुका मागवल्या. चौदा, पंधरा आणि सोळा. देण्याआधी रामभाऊंना एवढंच विचारलं, घरात तुम्ही दोघंच का?

"न्हाई, वारज्याला अक्का हाय. दोघांपेक्षा थोरली."

नानांनी थोरल्यांना पंधरा दिली, धाकट्यांना सोळा. रामभाऊ अडून बसले, मग मला चौदा द्या. नाना म्हणाले, ती राखीव आहे. रामभाऊंनी बराच विचार केला.

"ऱ्हाऊ द्या. पण मग त्याला बी देऊ नका."

*

चौदा नंबर काचेच्या कपाटात गेली. वर नानांची पाटी: 'ही विकायची नाही. का, ते विचारू नये.' त्या दिवसापासून दुकानात येणारा प्रत्येक माणूस तेवढंच विचारायचा!

*

पुढे इलेक्शन लागलं. सगळ्या बंदुका चौकीत जमा. परत देताना हवालदारांनी दोन्ही भावांच्या बंदुका अदलाबदल करून दिल्या, दिसायला सारख्याच की त्या! ज्ञानोबाशेठांनी घरी जाऊन नंबर बघितला आणि जेवण टाकलं. रामभाऊ मात्र चिडीचूप, कारण आधीचा नंबर आपसूक घरी आला होता. पण दुसऱ्याच्या नंबरची बंदूक घरात ठेवणं म्हणजे गुन्हा. बदलायला दोघांनी एकत्र चौकीत यायला हवं, आणि आधी फोन कोणी करायचा यावर घोडं अडलं. हवालदारांच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी जायची वेळ आली म्हणून त्यांनी दुकानात फोन केला. नानांनी वारज्याला लावला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात अक्का आल्या. नऊवारी, पायात स्पोर्ट्स शूज. मागे दोन्ही भाऊ, बंदुका चौकीत बदलून घेतलेल्या, माना खाली. अक्कांनी पर्समधून स्वतःचं लायसन काढून काउंटरवर ठेवलं. वर्षभर हेलपाटे घालून काढलं होतं म्हणे, घरात कोणाला पत्ता नाही.

"या दोघांच्या आधीचा नंबर हाय का?"

नानांनी कपाटावरची पाटी उतरवली. अक्कांनी बंदूक घेतली, नंबर नीट वाचला आणि मागे वळल्या.

"आवंदा खंडेनवमीला पाट एकच. नंबरानं मांडायच्या."

म्हणजे पहिला मान आता चौदा नंबरचा. मग रामभाऊ वाटणीनंतर पहिल्यांदाच थोरल्या भावाशी बोलले.

"दादा, जरा सरक."