पोट कसं हाय आता?

मी तपासणीला गेलोच नव्हतो. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दादा गेल्याचा फोन आला तेव्हा रडण्याआधी मनात आलं, की आता आपलं खोटं पकडणारं कुणी उरलं नाही… त्या क्षणी जे हलकं वाटलं, त्याची शिसारी दीड महिना झाला तरी जात नाही.

दादा माझा थोरला भाऊ, चौसाळ्यातला शिंपी. आतड्याच्या दुखण्याने त्याला पार पोखरलं. आधी अन्न टिकेना, मग बोलणं आटलं. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता टेप हातात धरून तसाच उभा राहायचा. "पोट नासलं की डोकं बी नासतंय बे," म्हणायचा, आणि मी बीडहून जाऊन त्याला मन खंबीर ठेवण्याची भाषणं द्यायचो. पोटातल्या जंतूंचा मनाशीही संबंध असतो, त्यावर नवं संशोधन चाललंय, हे पुढे मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं. एक उपाय करून बघू, खात्री देत नाही, म्हणाले. निरोगी नातेवाइकाची विष्ठा तपासायची, गाळायची आणि नळीने दादाच्या आतड्यात सोडायची. चांगले जंतू तिथे रुजले तर रुजले. वहिनींना शुगर, मूलबाळ नाही. उरलो मी.

दादा लई दिवसांनी हसला. "लहानपणी तुझी घाण मीच धुतली, आता तूच दे बे."

मला किळस आली. माझं असलं काही भावाच्या अंगात… आणि पाहुण्यारावळ्यांत कळलं तर? तपासणीच्या दिवशी मी बसस्टँडवर चहा पीत बसलो. संध्याकाळी फोन करून सांगितलं, माझ्याच पोटात खराब जंतू निघाले, माझं चालत नाही. दुसऱ्या कुणाला विचारायची दादाला लाज वाटली. विषय मिटला, पण तेव्हापासून त्याला माझीच काळजी लागली. दर आठवड्याला एसटीच्या कंडक्टरजवळ ताकाची बाटली यायची, झाकणावर फडकं, त्याला शिलाईच्या दोऱ्याची गाठ. पोट सांभाळ, माझ्यासारखं करून घेऊ नको, असा निरोप. आजारी माणसाच्या हातचं म्हणून मी ते मोरीत ओतायचो आणि फोनवर गोड लागलं म्हणून सांगायचो.

त्या उपायाने तो वाचला असता असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरही म्हणाले नव्हते. कधी वाटतं, माझी ती किळससुद्धा माझ्या आतड्यातल्या जंतूंनीच ठरवली असेल, माझा काय दोष… मग या पळवाटेचीच घाण वाटते.

शेवटची बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. ताक कधीच नासलंय, फडकं फुगून वर आलंय. दोऱ्याची गाठ मी सोडलेली नाही. वहिनी अधूनमधून फोन करतात. "भाऊजी, पोट कसं हाय आता?" बरं हाय, म्हणतो.

वहिनी पेपर वाचत नाहीत, म्हणून पेपरात एवढं तरी लिहिता आलं. चौसाळ्याला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, हे तोंडाने सांगायचं बाकी आहे.