सयाजीरावांचं बनलेलं रक्त

सुभेदार सयाजीराव निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली, पण बर्फावरून अजून खाली उतरलेले नव्हते. साताऱ्याजवळच्या त्यांच्या गावात घरटी एक फौजी, तरी बर्फ जणू यांनी एकट्यानंच पाहिलेला. कुणी चार पायऱ्या चढून धापा टाकायला लागला की यांचं ठरलेलं वाक्य यायचं: आमचं रक्त उंचीवर बनलंय, एकदा बनलं की मरेपर्यंत पुरतं. त्यांच्या बायकोला, शालूबाईला, त्या वाक्याचा वीट आला होता. पराक्रम काय, तर दोन वर्षं बर्फातल्या चौकीवर काढली. त्याच वर्षांत इथला ऊस, म्हशी आणि अंथरुणावरची सासू तिनं एकटीनं ओढली होती, आणि त्याची मिजास कधी मिरवली नव्हती.

गेल्या साली जिल्ह्यातल्या माजी सैनिकांची सहल लेहला निघाली, जोडप्यानं; गावातून हे दोघंच. विमानातून उतरल्यावर दोन दिवस खोलीत पडून राहायचं असा नियम. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजला, तर शालूबाईचा आला अठ्ठ्याऐंशी आणि सुभेदारांचाही तेवढाच. तिथंच या गृहस्थानं ओळखायला हवं होतं. पण हुद्दा मिळाला म्हणून अक्कल मिळतेच असं नाही. आराम बायकांनी करावा म्हणत स्वारी बूट चढवून समोरच्या टेकडीवर निघाली. औंधच्या यमाईचा डोंगर दम न खाता चढणाऱ्याला हे ढेकूळ काय, असंही वर ऐकवून गेली.

संध्याकाळी डोकं धरून परतले. प्रवासाचा शीण आहे म्हणाले आणि न जेवता झोपले. सकाळी ओठ निळे, छातीत घुरघुर. शालूबाईनं चिमटा लावला, आकडा आला एकसष्ट. ती उठली तर तिचा हात धरून म्हणतात, डॉक्टर नको, पोरं हसतील. माणूस मरणाच्या दारात आणि फिकीर कसली, तर हसण्याची! तिला भीती वाटली आणि शिसारीही आली. हात झटकून तिनं शेजारच्या खोलीतल्यांना हाका मारल्या.

फुप्फुसात पाणी उतरलं होतं. ऑक्सिजन लावून झाल्यावर डॉक्टरनं तिला समजावलं. उंचीवर शरीर आधी श्वास वाढवतं, मग काही आठवड्यांत जास्तीच्या लाल पेशी तयार करतं. खाली आलं की ही सगळी तयारी मोडते. लाल पेशी जगतेच मुळी चार महिने. सुभेदारांचं ते रक्त संपून वीस वर्षं उलटली होती. शालूबाईनं शब्द न् शब्द ध्यानात ठेवला. सुभेदार मास्कखाली डोळे मिटून पडले होते.

गावात आल्यावर त्यांनी सांगितलं, शालूला उंची सोसली नाही म्हणून सहल अर्ध्यात सोडली. बुडत्याला काडीचा आधार, असू दे, असं शालूबाई मनाशी म्हणाली.

मग फौजेतला पुतण्या ऋषिराज दोन महिन्यांची रजा संपवून लेहला परत निघाला आणि पाया पडायला आला. ओसरीवर चार माजी सैनिक चहा पीत होते. वर पोचल्यावर उंचीची सवय व्हायला पुन्हा सहा दिवस बसवून ठेवतात, याचा त्याला कंटाळा. डोकं दुखलं तर सांगावं का दडवावं, त्यानं चुलत्याला विचारलं.

"दडीव," सुभेदार म्हणाले. "तुजं रक्त बनल्यालं हाय गड्या."

शालूबाईनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"ऋषी, एकसष्ट आल्तं. ह्यांचं, माजं न्हाई. ओठ निळं पडलं हुतं आन् पोरं हसतील म्हून डागतर बोलवू देत न्हवतं. तुजं वरलं रक्त दोन म्हैन्यात ढिलं पडलंय. डोकं दुखलं की पयलं सांग."

सुभेदारांनी घसा खाकरला आणि बाईमाणसाला उंचीतलं काय कळतंय, असं म्हणून हसून बघितलं. दुसरं कुणी हसलं नाही.

"कळत न्हाई म्हून तर सांगितल्यापरमानं पडून ऱ्हायले," शालूबाई म्हणाली. "तवाच तुमाला उचलायला कुणीतरी धड हुतं."