हलगीवाला हलला न्हाई

बोरीत एका मालकाच्या लेकीचं लग्न होतं. फोटो काढायला मी होतो, हलगी वाजवायला माझा बाप. घरच्यांच्या फोटोच्या वेळी मालक बापावर खेकसला, "ए हलगीवाल्या, मागं सरक. फोटोत दिसू नको."

बाप मुकाट्यानं मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. माझं टाळकंच सणकलं. मी लांबची लेन्स चढवली, एकच तोंड स्पष्ट यावं, बाकी धुरकट, म्हणून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं आणि मालकाच्या खांद्यावरून फोकस थेट बापाच्या तोंडावर नेला. "हलू नका," म्हणालो.

फोटो धुऊन आला अन् माझं काळीज थंड झालं. बापाच्या मिशीचा केस न् केस दिसत होता, पुढं मालकाचं तोंड नुसतं धुरकट. तो तणतणत आला, "आमी असे कसे आलो रे?"

"हलगीवाला हलला न्हाई, मालक. तुमीच हलले."