त्रेपन्न दिवसांचं न उपसलेलं पाणी

६ ऑगस्ट २०११, शनिवार, सकाळी सव्वासात. रक्कम — अठरा हजार लिटर. हजर — मी एकटाच. त्या सकाळी मी वहीत अठरा हजार लिटर पाणी लिहिलं आणि जमिनीतून एक थेंबही उपसला नव्हता. हे आजवर माझ्या बायकोलाही माहीत नाही. एरवी माझ्या पासबुकातली पेन्सिलची खूणसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नाही.

आधी पंपाचं सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, एक वही खोटी लिहिली, एवढंच ना?

पनवेलच्या कडेला, कोनच्या बाजूला आमची सोसायटी आहे. मागच्या अंगाला एक बंद पडलेला कारखाना. त्याची जमिनीत पुरलेली डिझेलची टाकी कित्येक वर्षं गळत होती. हे कळलं तोवर मालक निघून गेला होता आणि आमच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला होता. मग एक इंजिनियर बाई आल्या. त्यांनी मार्ग काढला तो असा — गळक्या टाकीजवळ नवी बोअर मारायची, घाण पाणी रोज उपसायचं, हवेत फवारून कोळशाच्या टाक्यांतून गाळायचं आणि फ्लशला नि बागेला वापरायचं. जमीनही साफ होणार, आमचे रोजचे दोन टँकरही वाचणार. पंप आणि वही सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणाकडे दिलं असतं तरी मी ते रोज तपासायला गेलोच असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जाताना बाईंनी बजावलं होतं, "हा पंप तुमच्या टाकीसाठी नाही, जमिनीसाठी आहे. उतार खाली गावाकडे आहे. पंप थांबला की घाण पाणी तिकडे निघालं म्हणून समजा."

मला समजलं नव्हतं का? पूर्ण समजलं होतं. वहीच्या पुठ्ठ्यावर मी ते वाक्य लिहूनही ठेवलं होतं.

पण ऑगस्टमध्ये नळाला भरपूर पाणी, वर पाऊस. टाक्या ओसंडायला लागल्या. गाळलेलं पाणी पार्किंगमध्ये पसरलं. तळमजल्यावरचे जोशी म्हणाले, "वरून देव ओततोय, खालून तुम्ही. अहो, टाकी भरली की मोटार बंद करतात. आमची पहिलीतली नात करते."

माझ्याही घरात लहानपणापासून तीच शिस्त. भरलेल्या टाकीवर मोटार चालू ठेवणं म्हणजे पाप. मी बटण बंद केलं. बाईंना एक फोन केला असता, तर ते पाणी सोडायला दुसरी वाट त्यांनी सांगितली असती. मी फोन केला नाही — आणि वहीत रकाना रिकामा ठेवायचं जिवावर आलं. चौदा महिने एक खाडा नव्हता माझ्या वहीत. बाई ती वही दुसऱ्या सोसायट्यांना दाखवायच्या.

म्हणून अठरा हजार. दुसऱ्या दिवशी सतरा हजार नऊशे. तिसऱ्या दिवशी अठरा हजार दीडशे. रोज तोच आकडा लिहिला असता तर कुणाला शंका आली असती — एवढा विचार मी केला होता, हे तुम्हाला कळलेलं बरं.

त्रेपन्न दिवस. पाऊस ओसरल्यावर २८ सप्टेंबरला पंप पुन्हा चालू केला, तेव्हा वही पंपावरच्या मीटरच्या नऊ लाख त्रेपन्न हजार चारशे लिटर पुढे होती. मीटर अडकतो असं सांगून मी तो बदलून घेतला. हिशेब जुळला.

ऑक्टोबरच्या मध्यावर हिराबाई आली. उताराच्या पायथ्याशी तिची विहीर आणि भाजीचा मळा. आमच्या फाटकावर मुळा, माठ, अळू ती रोज विकायची. तिच्या हातात प्लास्टिकची बाटली होती.

"भाऊ, वास घ्या. पोरं तोंडाला लावत नाय हा पानी. तुमचा पंप चालू हाय ना?"

"रोज," मी म्हणालो आणि वही उघडून पुढे केली. तिला वाचता येत नव्हतं. तिने पानावरून तळहात फिरवला, कापड बघतात तसा.

"मंग दत्तूच तो. किती येला सांगितला त्याला, हिरीजवल गाड्या नको खोलू."

दत्तू तिचा धाकटा दीर. विहिरीपासून पंधरा पावलांवर त्याची स्कूटर दुरुस्तीची शेड होती. माझी स्कूटरही तिथेच जायची.

पुढच्या रविवारी विहिरीपाशी गावातली चार वडीलधारी माणसं बसली. मला मुद्दाम बोलावलं होतं, वहीसकट. दत्तू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "जुना ऑइल मी डब्यात भरतो. डबा भंगारवाला नेतो. विचारा त्याला." कुणीतरी म्हणालं, "भंगारवाला काय तुझ्या विरुद्ध बोलनार हाय?" लोक हसले. मग दत्तू माझ्याकडे वळला.

"साहेब, तुमी सांगा. पंप एक पन दिवस बंद नव्हता?"

तो विचारत होता, कारण त्याला खरं काय ते कळायला हवं होतं. बाकी सगळ्यांना निकाल हवा होता. आणि मला? मला माझी वही हवी होती.

"नाही," मी म्हणालो. "एकही दिवस नाही."

दत्तूने शेड हलवायचं कबूल केलं. न केलेल्या चुकीसाठी त्याने विहिरीच्या काठावर नारळ फोडला आणि वहिनीच्या पाया पडला. हिराबाईने पाय मागे घेतले. खोबरं वाटलं, तेव्हा पहिला तुकडा पाहुणा म्हणून मला दिला. मी तो खाल्ला. गोड होता.

शेड हायवेच्या कडेला गेली. आमचा पंप आता अखंड चालू होता — पुन्हा बंद करायची माझी छाती नव्हती. घाण पाणी हळूहळू परत आमच्या बोअरकडे ओढलं गेलं आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा वास गेला. गावाने काय म्हटलं असेल? दत्तू गेला आणि विहीर सुधारली. म्हणजे माझ्या खोट्याला पुरावा मिळाला, आणि तो माझ्याच पंपाने दिला. हिराबाईने विहिरीच्या पाण्यावरचा पहिला दुधी मला आणून दिला. "तुमच्या वहीमुळं कललं, भाऊ." ती आणि दत्तू आजही एकमेकांशी बोलत नाहीत. त्याच्या मुलीच्या लग्नात ती मांडवाबाहेरून परतली. मी पंगतीला होतो.

मी घाबरट माणूस नाही. सोसायटीच्या सभेत बिल्डरला तोंडावर सुनावलेलं आहे. माझ्या हिशेबात चूक काढून दाखवा, असं मी आजही कुणालाही सांगू शकतो. ती वही सोडून.

शेड हलवायला दत्तूला पत्रे, खांब आणि टेम्पो मिळून एकवीस हजार चारशे रुपये पडले. हे त्यानेच मला सांगितलं, माझ्या स्कूटरचा प्लग पुसता पुसता, कसलाही राग नसलेल्या आवाजात. ते पैसे त्याने टेम्पोवाल्याला आणि वेल्डरला चुकते केले.

गेल्या महिन्यात मी पुन्हा स्कूटर घेऊन त्याच्याकडे गेलो. ती २०११ची वही मुद्दाम डिकीत घेतली होती. सर्व्हिसिंग होईस्तोवर तासभर मी बाकावर बसलो. त्याने साडेतीनशे सांगितले. मी दत्तूला साडेतीनशे दिले, सुट्टे, आणि वही डिकीत तशीच ठेवून घरी आलो.