लुगड्याचा शर्ट

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका रविवारी तिने आजीच्या पेटीतलं हिरवं सुती लुगडं माझ्या मशीनवर आणून टाकलं आणि म्हणाली, "मम्मी, याचा शर्ट शिव. एकदम ढगळ. खांदे खाली उतरले पाहिजेत."

मी सुरतेतल्या गोडादऱ्यात घरीच ब्लाउज शिवते. ढगळ झालं की गिऱ्हाईक भांडायला येतं, आणि ही ढगळच मागत होती. पण मला खरं नवल वाटलं ते कापडाचं. ही शाळेत असताना सासूबाईंनी गॅलरीतून अहिराणीत हाक मारली, की मान खाली घालायची. मैत्रिणींशी गुजरातीत बोलायची. गाव विचारलं तर नुसतं "सुरत" सांगायची.

मधल्या काळात बरंच बदललं होतं. आधी आमच्या वस्तीत मतं मागायलाही कोणी धड येत नसे. मग आमच्यासारखी खानदेशातून आलेली घरं वाढली, आमच्यातलेच लोक निवडून येऊ लागले, चौकात मराठी बॅनर लागले. पोरांच्या मोबाईलवर अहिराणी रॅप वाजायला लागलं. गोडादऱ्याच्या आणि शेजारच्या डिंडोलीच्या पोरापोरींचं कॉलेजात एक टोळकं झालं. मोठाले शर्ट, एका कानात जाड वाळी आणि भर कॅन्टीनमध्ये मोठ्याने अहिराणी.

सासूबाईंनी मात्र लुगडं हिसकावून घेतलं. "लुगडं नेसाले ऱ्हास, फाडाले नही!"

मुलगी रुसून बसली. मी मधे पडले नाही, कारण मला माझे दिवस आठवले.

लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा डोक्यावरचा पदर खाली येत नसे. पुढे मी एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात जाऊ लागले. एकदा शेजारच्या बाईचा पदर मशीनमध्ये ओढला गेला. बाई वाचली, पण शेठ घाबरला. म्हणाला, "कल से सब बहनें ड्रेस पहनके आना." घरी सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी साडी नेसून निघायचे, मैत्रिणीच्या खोलीवर पंजाबी ड्रेस घालायचे आणि येताना पुन्हा साडी. पंधरा दिवस असं चाललं. सोळाव्या दिवशी मी डबा विसरले आणि सासूबाई तो घेऊन थेट कारखान्यात आल्या.

मी ड्रेसमध्येच मशीनपाशी होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. डबा ठेवला, माझी ओढणी ओढून कमरेला घट्ट गाठ मारली आणि गेल्या. रात्रीच्या जेवणाला मला म्हणाल्या, "उद्या घरथूनच घालीसन जाय." त्यानंतर आमच्या गल्लीत ड्रेस घालून कामावर जाणाऱ्या सुना एकामागून एक वाढल्या.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. ती आजीजवळ जाऊन बसली. दोघींचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः पेटी उघडली. हिरवं लुगडं बाजूला ठेवून लाल काठाचं काढलं. ते मधोमध विरलं होतं. मला म्हणाल्या, काठ आत दुमडू नको, बाहेर दिसला पाहिजे.

तो शर्ट कापताना माझा हात दोनदा थांबला. पण शिवून झाल्यावर मुलीने घातला, तेव्हा खरंच शोभला. आठ दिवसांत टोळक्यातल्या सहा जणांनी आपापल्या घरची लुगडी आणली. एक गुजराती मैत्रीणही आली. तिच्याकडे लुगडं कुठलं, तिने आजीची बांधणी आणली.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. दुसऱ्या दिवशी देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत विसर्जनाला नेतात. त्या वर्षी मिरवणुकीत पुढे बायका फुगड्या घालत होत्या आणि मागे ही पोरं, लाल-हिरव्या काठांचे शर्ट घालून नाचत होती. आमच्या ओळखीचे एक वडीलधारे सासूबाईंना म्हणाले, "काय हाई सोंग?"

"सोंग नही," सासूबाई म्हणाल्या. "मन्ही नात शे ती. लुगडं मन्हंच शे."

मग माझ्या हातात आपली पिशवी देऊन त्या गर्दीतून वाट काढत निघाल्या. मुलीने त्यांना पाहिलं आणि नाच थांबवून दोन्ही हात पुढे केले. सासूबाईंनी चपला बाजूला सारल्या आणि नातीबरोबर फुगडी धरली. दोन गिरक्यांत त्यांना धाप लागली, तरी हात सोडायला तयार नव्हत्या.